दुर्मिळ मुद्रा, विस्मृत हात : जर्मन खंजिरांच्या संग्रहातील ‘निर्माता’ या निकषाची चिकित्सा

प्रास्ताविक

नाझी राजवटीच्या काळात (१९३३ ते १९४५) जर्मनीत तयार झालेले गणवेशाचे खंजीर हा जगभरच्या शस्त्रसंग्राहकांच्या आवडीचा आणि तितकाच वादाचा विषय आहे. भूदल, नौदल, वायुदल यांच्या अधिकाऱ्यांपासून पक्षाच्या एस.ए. व एस.एस. या संघटनांपर्यंत अनेकांसाठी स्वतंत्र नमुने ठरवून देण्यात आले होते. हे खंजीर मुख्यतः लढण्यासाठी नव्हते, कमरेला लटकवून मिरवण्यासाठी होते. त्यांचे मूल्य ते कोणी बाळगले यावर ठरत असावे, असा बाहेरच्या वाचकाचा स्वाभाविक समज असतो. परंतु संग्राहकांच्या व्यवहारात एकाच नमुन्याच्या, एकाच काळातील दोन खंजिरांच्या किमतीत मोठी तफावत पडते, आणि तिचे कारण पुष्कळदा पात्याच्या मुळाशी असलेली नखाएवढी निर्मातामुद्रा हे असते. मुद्रा कार्ल आइकहॉर्नसारख्या मोठ्या कारखान्याची असेल तर वस्तू ‘नेहमीची’. फारशी न आढळणाऱ्या एखाद्या लहान पेढीची असेल तर ती ‘दुर्मिळ निर्मात्याची’ ठरते आणि तिचा भाव वाढतो.

‘दुर्मिळ निर्माता’ या निकषाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा निकष वस्तूंची संख्या मोजतो. ती संख्या कमी का झाली हे तो विचारत नाही. ज्या काळात कारखान्यांना परवाने पक्ष देत होता, मालकांची मालमत्ता वंशाच्या आधारे हिरावून घेतली जात होती आणि कोरलेली नावे आदेशाने घासून काढली जात होती, त्या काळातील वस्तूंविषयी हे ‘का’ वगळले तर उरलेले ज्ञान अपुरेच नव्हे, दिशाभूल करणारेही ठरते, अशी या लेखाची भूमिका आहे.

शब्दयोजनेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘कट्यार’ हा शब्द आडव्या मुठीच्या विशिष्ट भारतीय शस्त्रासाठी रूढ आहे. जर्मन शस्त्राची मूठ पात्याच्या सरळ रेषेत असते; म्हणून येथे सर्वत्र ‘खंजीर’ हा शब्द योजिला आहे.

१. संग्रहविषयक वाङ्मयाचे स्वरूप

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन व ब्रिटिश सैनिकांनी असे असंख्य खंजीर आठवणीची वस्तू म्हणून मायदेशी नेले. आज या विषयाचे बरेचसे वाङ्मय इंग्रजीत असण्यामागे ही पार्श्वभूमी आहे. जेम्स ॲटवुड यांचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ, थॉमस जॉन्सन यांची आठ खंडांची मालिका आणि थॉमस विटमन यांचे भूदलाच्या खंजिरांवरील १९९५ चे पुस्तक व त्या मालिकेतील इतर पुस्तके ही या क्षेत्रातील ठळक साधने होत.

या वाङ्मयाचे गुण मान्य केले पाहिजेत. मुठीवरील गरुडाच्या पिसांची ठेवण, म्यानाच्या कड्यांची घडण, मुद्रांची कालानुक्रमे बदललेली रूपे यांचे इतके सूक्ष्म निरीक्षण विद्यापीठीय इतिहासकारांनी क्वचितच केले असेल. सुरुवातीच्या खंजिरांचे भाग निकेल-मिश्रधातूचे असत व पुढे शस्त्रसज्जतेमुळे धातूंची टंचाई भासू लागल्यावर त्यांची जागा मुलामा दिलेल्या जस्त-मिश्रधातूने घेतली, हा या निरीक्षणातून स्पष्ट होणारा क्रम अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकालाही उपयोगी पडावा असा आहे.

मर्यादा आहे ती दृष्टीची. येथे वस्तूकडे पाहिले जाते ते ती ‘अस्सल’ आहे काय, ‘पूर्ण’ आहे काय आणि ‘दुर्मिळ’ आहे काय या तीन प्रश्नांतून. हे तिन्ही प्रश्न खरेदीदाराचे आहेत. वस्तूंचे सामाजिक जीवन या विषयावर अर्जुन अप्पादुराई यांनी १९८६ साली संपादित केलेल्या ग्रंथात इगोर कोपिटॉफ यांनी असे मांडले होते की माणसाप्रमाणे वस्तूचेही चरित्र लिहिता येते : ती कोणी घडवली, कोणत्या टप्प्यावर ती विक्रेय झाली, कोणत्या टप्प्यावर बाजारातून बाहेर काढली गेली. या कसोटीवर संग्राहकांच्या नोंदी तपासल्या तर त्यांत वस्तूचे शरीरवर्णन भरपूर आणि चरित्र अत्यल्प आढळते. सुसान सोन्टॅग यांनी १९७५ साली ‘फॅसिनेटिंग फॅसिझम’ या निबंधात एस.एस.च्या गणवेशाभोवतीच्या आकर्षणाची जी चिकित्सा केली, तिचा रोख गणवेशाच्या सौंदर्याने पडणाऱ्या मोहावर होता. निर्मातामुद्रांचा शोध हा त्याहून वेगळा, कोरडा आणि वरवर निरुपद्रवी वाटणारा मोह आहे. तो चिन्हाकडे पाहतच नाही, केवळ क्रमांकाकडे पाहतो. आणि म्हणूनच तो स्वतंत्र विचाराला पात्र आहे.

२. झोलिंगन : एका पात्यामागचे अनेक हात

या खंजिरांपैकी बहुसंख्य पात्यांवर झोलिंगन हे गावाचे नाव असते. वुपर नदीच्या परिसरातील हे शहर मध्ययुगापासून पात्यांसाठी प्रसिद्ध आहे. या नावाचा व्यापारी उपयोग इतका मोठा होता की १९३८ साली त्याच्या संरक्षणासाठी जर्मनीत स्वतंत्र कायदा करण्यात आला.

झोलिंगनच्या उत्पादनपद्धतीचा पाया पूर्वीपासून श्रमविभागणीचा होता. पाते घडवणारा लोहार वेगळा, त्याला पाणी देणारा वेगळा, धार व झिलई करणारा वेगळा आणि मूठ व म्यान बसवणारा वेगळा. आपल्याकडील शिकलगाराशी ज्याचे काम मिळतेजुळते आहे, तो धार लावणारा कारागीर तेथे नदीकाठच्या पाणचक्कीवर चालणाऱ्या घासणशाळेत काम करी. पंधराव्या शतकातच या व्यवसायांचे वेगवेगळे संघ स्थापन झाले होते. एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली, मोठे कारखाने उभे राहिले. तरीही पुष्कळ काम घरी किंवा भाड्याच्या जागेत बसून मजुरीवर करणाऱ्या कारागिरांकडे राहिले. पात्यांचे कच्चे घडीव तुकडे एकाने करावेत, दुसऱ्याने घासावेत, तिसऱ्याने त्यांवर आम्लाने अक्षरे कोरावीत आणि चौथ्याने स्वतःची मुद्रा उमटवून ते विकावेत, असा व्यवहार येथे सर्वमान्य होता.

याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. पात्यावरील मुद्रा ‘हे मी घडवले’ असे सांगत नाही. ‘हे माझ्या नावाने विकले जात आहे’ एवढेच ती सांगते. संग्राहक ज्याला ‘निर्माता’ म्हणतात तो पुष्कळदा जुळणी करणारा, मक्ता घेणारा किंवा केवळ विक्रेता असू शकतो. तेव्हा दोन भिन्न मुद्रांखाली एकाच लोहाराचे व एकाच शिकलगाराचे काम असणे अशक्य नाही. असे असताना एका मुद्रेला ‘दुर्मिळ निर्माता’ व दुसरीला ‘सामान्य निर्माता’ म्हणणे, आणि तो फरक जणू कारागिरीचा आहे असे सुचवणे, हे वस्तुस्थितीला धरून नाही.

झोलिंगनमध्येच या दृष्टीला एक पर्याय पाहावयास मिळतो. ग्रेफ्राथ भागातील जुन्या मठाच्या इमारतीत जर्मन पातेसंग्रहालय आहे. तेथे वस्तू जपल्या जातात. त्याच शहरात हेन्ड्रिक्स नावाचा, १८८६ ते १९८६ अशी शंभर वर्षे चाललेला घडाईचा कारखाना यंत्रांसह औद्योगिक संग्रहालय म्हणून राखण्यात आला आहे. तेथे जपलेली गोष्ट म्हणजे काम. ज्यांचे नाव कोणत्याही पात्यावर कधी आले नाही त्यांच्या श्रमांची स्मृती अशा जागीच टिकते. मुद्रांच्या यादीत ती सापडत नाही.

३. दुर्मिळता कशी निर्माण होते?

एस.ए. संघटनेसाठी खंजिराचा नमुना १९३३ च्या डिसेंबरमध्ये स्वीकारण्यात आला. सोळाव्या शतकातील स्वित्झर्लंडमधील ‘होल्बाइन खंजीर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रावरून तो बेतलेला होता. जागतिक मंदीने झोलिंगनमध्ये प्रचंड बेकारी होती, आणि कामगार चळवळीचा व साम्यवादी पक्षाचा या शहरावर मोठा पगडा होता. अशा शहराला पक्षाच्या गणवेशाने काम मिळवून दिले. मागणी मोठी असल्यामुळे मोठ्या कारखान्यांबरोबर लहानसहान पेढ्यांनीही ती पुरवली. केवळ या एका नमुन्यावर शंभराहून अधिक भिन्न निर्मातामुद्रा आढळतात. ‘दुर्मिळ निर्मात्यां’ची यादी लांबली ती यामुळे. मंदीत तगून राहण्यासाठी थोडा माल पुरवून बाजूला झालेली पेढी आज ‘अत्यंत दुर्मिळ’ गणली जाते.

दुसरे कारण प्रशासकीय आहे. पक्षाच्या गणवेशसाहित्याचे नियंत्रण म्युनिकमधील राइश्सझॉइगमाइस्टराय या कार्यालयाकडे होते. संक्षेपाने त्याला आर.झेड.एम. म्हणतात. त्याच्या परवान्याशिवाय पक्षाचे साहित्य तयार करता येत नसे आणि परवान्यासाठी पेढी पक्षाच्या वंशविषयक अटींत बसणे आवश्यक होते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात या खंजिरांवरील पेढ्यांची नावे व चित्रमुद्रा क्रमाक्रमाने मागे पडून त्यांच्या जागी ‘एम ७’ या गटाचे सांकेतिक क्रमांक आले. खारीच्या चित्रमुद्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या आइकहॉर्नचा क्रमांक ६६ होता. म्हणजे एखाद्या पेढीची नाममुद्रा कमी आढळते याचा अर्थ तिने कमी उत्पादन केले असा असेलच असे नाही; तिचे नाव क्रमांकात लुप्त झाले असेल, तिला परवाना नाकारला गेला असेल, किंवा तिने स्वतःच हा माल थांबवला असेल. दुर्मिळतेच्या श्रेणीत ही सारी कारणे एकाच शब्दाखाली गोळा होतात.

तिसरे उदाहरण अधिक भीषण आहे. एस.ए.चा प्रमुख अर्न्स्ट र्‍योम याच्या वतीने १९३४ साली दिलेल्या काही खंजिरांच्या पात्यांवर ‘मनःपूर्वक स्नेहाने’ अशा अर्थाचा मजकूर व त्याचे नाव कोरलेले होते. त्याच वर्षी ३० जूनपासून हिटलरच्या आदेशाने एस.ए.च्या नेत्यांची हत्या करण्यात आली. १ जुलै रोजी र्‍योमही मारला गेला. त्यानंतर हा मजकूर घासून काढण्याचे फर्मान निघाले. काहींनी संपूर्ण मजकूर घासला, काहींनी केवळ नाव, तर काहींनी आदेश पाळलाच नाही. आज संग्राहकांच्या परिभाषेत ‘अखंड’, ‘अंशतः घासलेला’ आणि ‘पूर्ण घासलेला’ अशा तीन प्रती आहेत, आणि अखंड प्रतीला सर्वाधिक भाव आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र घासलेले पाते अधिक बोलके आहे. एका हत्याकांडानंतर सामान्य सदस्यांनी आज्ञापालन कसे केले याचा तो पोलादावर राहिलेला पुरावा आहे. बाजार ज्याला ‘खराब झालेली प्रत’ म्हणतो तीच येथे मुख्य दस्तऐवज ठरते.

निर्मात्याच्या व्यक्तिगत कीर्तीचे उदाहरणही पाहिले पाहिजे. डमॅस्कस पद्धतीचे लहरदार पोलाद घडवणारे पॉल म्युलर यांचे काम संग्राहकांत विशेष मानले जाते. येथे मुद्रा आणि हात एकच आहेत, आणि कारागिरी निःसंशय उच्च दर्जाची आहे. परंतु म्युलर यांनी ही विद्या शिकवली ती डाखाऊ येथे, एस.एस.च्या आश्रयाखाली चालणाऱ्या कार्यशाळेत. आणि डाखाऊ येथे १९३३ पासून छळछावणी होती. ‘श्रेष्ठ कारागीर’ ही नोंद करून या स्थळाचा केवळ पत्ता म्हणून उल्लेख करणे, ही तटस्थता म्हणता येणार नाही.

४. ‘सामान्य’ मुद्रेची कहाणी

आतापर्यंतच्या उदाहरणांत दुर्मिळतेमागचे कारण हरवते असे दिसले. उलट बाजूही आहे : जी मुद्रा दुर्मिळ नाही तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. या संदर्भात अलेक्झांडर कॉपेल या पेढीचे उदाहरण निर्णायक ठरावे.

१८२१ साली स्थापन झालेली ही झोलिंगनमधील एका ज्यू घराण्याची पेढी होती. तराजूचे चित्र आणि ए.सी.एस. ही अक्षरे ही तिची मुद्रा. अलेक्झांडर कॉपेल, झोलिंगन या शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘आल्कोझो’ हे तिचे व्यापारी नाव बनले होते. १९३६ साली ही पेढी तथाकथित ‘आर्यीकरणा’त घराण्याच्या हातून काढून घेण्यात आली. संस्थापकाचेच नाव धारण करणारे, १८६५ साली जन्मलेले अलेक्झांडर कॉपेल यांना वृद्धपणी थेरेझिएनश्टाट येथे पाठवण्यात आले; १९४२ च्या ऑगस्टमध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

पेढी गेली, परंतु नाव राहिले. वायुदलाच्या अधिकाऱ्यांसाठी खंजिराचा दुसरा नमुना १९३७ साली लागू झाला, आणि त्या नमुन्याचे आल्कोझो मुद्रेचे खंजीर आज मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. नमुन्याचे वर्षच सांगते की ते मालक बदलल्यानंतरचे आहेत. म्हणजे ज्या राजवटीने कॉपेल घराण्याला उद्ध्वस्त केले तिचे अधिकारी त्याच घराण्याच्या नावाची आद्याक्षरे कोरलेले शस्त्र कमरेला बांधून संचलनात फिरत होते. खरेदी केलेले नाव विकाऊ होते. त्यामागच्या माणसाला मात्र जगण्याचा अधिकार उरला नव्हता.

दुर्मिळतेच्या श्रेणीत आल्कोझोचे स्थान काय? ती ‘सहज मिळणारी’ मुद्रा आहे, एवढेच. एका तऱ्हेने पाहता निकषाचे अपयश येथे पूर्णपणे उघड होते. कारण १९३६ पूर्वीची आणि नंतरची मुद्रा यांत चरित्रदृष्ट्या जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण संख्येच्या हिशेबात दोन्ही एकाच रकान्यात पडतात. ज्या नोंदीत ‘या तारखेला ही मुद्रा कोणाच्या मालकीची होती?’ हा प्रश्न नाही, तिला निर्मात्याचा अभ्यास म्हणता येईल काय?

५. मुद्रेवरील विश्वास आणि बनावटीचा इतिहास

मुद्रेला अवाजवी महत्त्व दिल्याचा आणखी एक परिणाम संभवतो, आणि तो संग्राहकांना स्वतःलाच भोगावा लागतो. युद्ध संपले तेव्हा झोलिंगनमध्ये पाती, मुठी, म्याने असे सुटे भाग शिल्लक होते. विजयी सैनिकांच्या मागणीमुळे त्यांतून युद्धोत्तर काळातही खंजीर जुळवले गेले. भाग अस्सल, परंतु खंजीर युद्धोत्तर, अशी पंचाईत त्यामुळे निर्माण झाली. त्यातच मुद्रेवर भाव ठरू लागला की कोऱ्या पात्यावर दुर्मिळ मुद्रा कोरणे, किंवा दुर्मिळ मुद्रेचे पाते चांगल्या मुठीत बसवणे, फायद्याचे होते. जी मुद्रा जितकी अधिक मौल्यवान, तितकी ती खोटी असण्याची शंका अधिक. अशा रीतीने बाजाराने ज्या खुणेवर सर्वाधिक भिस्त ठेवली, तिचेच पुरावामूल्य त्याने कमी केले.

मराठी अभ्यासकाला हा प्रकार सर्वस्वी अपरिचित वाटू नये. मराठ्यांच्या शस्त्रागारातील ‘फिरंग’ ही तलवार म्हणजे देशी मुठीत बसवलेले युरोपीय पाते. अशी पाती ज्या केंद्रांतून समुद्रमार्गे येत त्यांत झोलिंगनचाही समावेश होता. त्या काळीही झोलिंगनचे कारागीर पासाऊच्या धावत्या लांडग्याचे चिन्ह आणि इटालियन व स्पॅनिश नामांकितांची नावे आपल्या पात्यांवर उमटवत. युरोपीय चिन्हांचे अनुकरण भारतातही झाले. मुद्रा ही पूर्वापार बाजारातील भाषा आहे. ती वाचावी, पण तिच्यावर विसंबू नये, हा धडा या शहराने विसाव्या शतकापूर्वी कितीतरी आधी दिलेला होता.

६. संग्राहकांची बाजू

येथे एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. १९४४ च्या नोव्हेंबरमधील हवाई हल्ल्यांत झोलिंगनचे मध्यवर्ती शहर उद्ध्वस्त झाले. अशा स्थितीत एखाद्या लहान पेढीच्या अस्तित्वाची हाती येणारी खूण म्हणजे कुठल्या तरी पात्यावरील तिची मुद्रा, असे घडू शकते. ती मुद्रा ओळखणारा, टिपून ठेवणारा संग्राहक नसता तर ती पेढी विस्मृतीतच गेली असती. हे ऋण नाकारता येत नाही. शिवाय बनावट वस्तू उघडकीस आणण्याचे कामही बहुतांशी संग्राहकांनीच केले आहे.

बंदी हे या प्रश्नाचे उत्तर आहे, असेही प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. जर्मनीच्या दंडसंहितेचे कलम ८६ अ नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनास मनाई करते, पण कला, विज्ञान, संशोधन व अध्यापन यांना सवलत देते. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२४ पासून अशा चिन्हांचा व्यापारही गुन्हा ठरला आहे. तेथेही शैक्षणिक प्रयोजनाला अपवाद आहे. हे कायदे चिन्हाच्या दुरुपयोगाला आवर घालतात. वस्तू अभ्यासाच्या टेबलावर आल्यानंतर तिला कोणते प्रश्न विचारावेत हे मात्र कायदा सांगू शकत नाही. ते काम अभ्यासाच्या शिस्तीचे आहे. ‘आम्ही राजकारणात पडत नाही, केवळ वस्तू पाहतो’ हे संग्राहकांचे नेहमीचे समर्थन येथेच अपुरे पडते; कारण परवाना, वंशाची अट, घासलेले नाव आणि बळकावलेली पेढी या गोष्टी वस्तूबाहेरच्या नाहीत, त्या पात्यावरच आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) झोलिंगनच्या श्रमविभागणीमुळे पात्यावरील मुद्रा ही घडवणाऱ्या हाताची खूण नसून बहुतेक वेळा व्यापारी नावाची खूण आहे. ‘निर्माता’ ही संज्ञा सावधपणे वापरली पाहिजे.

२) मुद्रेची दुर्मिळता मंदी, परवानापद्धती, सांकेतिक क्रमांक, राजकीय हत्या, हवाई हल्ले अशा परस्परभिन्न कारणांतून निर्माण झालेली असते. कारण न नोंदवता केवळ श्रेणी देणे म्हणजे इतिहासाचे किमतीत रूपांतर करणे होय.

३) आल्कोझोसारख्या सहज मिळणाऱ्या मुद्रेमागे अत्यंत गंभीर इतिहास असू शकतो. दुर्मिळतेचा निकष अशा इतिहासाला जागाच देत नाही.

४) कोणत्याही संग्रहाच्या सूचीत नमुना, माप व मुद्रा यांच्याबरोबर आणखी चार रकाने असावेत : त्या तारखेला मुद्रेची मालकी कोणाची होती, उत्पादन कोणत्या परवान्याखाली झाले, मुद्रा कमी आढळते तर कशामुळे, आणि वस्तू कोणाच्या हातून कोठे फिरत येथवर आली. माहिती नसेल तेथे रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना हीही प्रामाणिक नोंदच असते.

हे चार रकाने आपल्याकडील शस्त्रसंग्रहांनाही लागू पडतात. एखाद्या फिरंगीच्या पात्यावर परदेशी चिन्ह दिसले की ‘दुर्मिळ’ असा शेरा मारून पुढे जाणे सोपे आहे. ते पाते कोठे घडले, चिन्ह खरे की अनुकरणातून आलेले, मूठ कोणी बसवली, हे विचारणे कष्टाचे आहे. पात्याला धार लावणाऱ्या झोलिंगनच्या कारागिराचे नाव जसे आपल्याला ठाऊक नाही, तसेच त्या फिरंगीला मूठ बसवणाऱ्या आपल्याकडील कारागिराचेही नाव ठाऊक नाही. दुर्मिळतेच्या कोणत्याही यादीत त्या दोघांना स्थान मिळालेले नाही.